वेळ लिहून ठेवा

वाडा कृष्णाकाठचा, सातारा जिल्ह्यातला, एवढंच लिहिते. मालकांना तसा शब्द दिला आहे. दिला नसता तरी नाव लिहिलं नसतं. जुना दोनचौकी वाडा. मागच्या चौकात आता प्रवाशांसाठी सात खोल्या केल्यात. महाबळेश्वरला जाता-येता मुंबई-पुण्याची माणसं एक रात्र ‘वाड्यात राहायला’ म्हणून उतरतात. पावसाळ्यापासून माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मात्र कुणी टिकेना. मालकांच्या मेव्हण्याला मी मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्याचा फोन आला, “बाई, तुम्ही एकदा येऊन जा. दाजींनी देवरुषी बोलावलाय.”

*

मी पोचायच्या आदल्या दिवशी देवरुषी येऊन गेला होता. “बाहेरचं आहे” म्हणाला. काळी कोंबडी आणि मोठी रक्कम मागितली. स्वयंपाकघरातल्या एकीकडे बोट दाखवून हिला झाड लागलंय, हिला बांधून उतरवावं लागेल, असंही सांगितलं. मालकांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं, हे त्यांचं मोठेपण. त्यांना मी कायदा दाखवला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. ते म्हणाले, “कायदा आहे हे ऐकून होतो. पण बाई, रात्री आवाज येतात ते येतातच की.”

बरोबर आहे. आवाज येतात म्हणणाऱ्याला कायदा वाचून दाखवणं म्हणजे उत्तर नव्हे.

*

तक्रारी, सांगणाऱ्याच्या शब्दांत:
रात्री माडीवर कुणीतरी चालतं.
सोप्यातला झोपाळा आपोआप हलतो.
कोपऱ्यातल्या खोलीत बाई छातीवर बसते.
न्हाणीत वाफेत पांढरी आकृती दिसली, पाहुणे खाली पडले.
उंबऱ्यावर हाडं सापडतात.
तिन्हीसांजेला पत्र्यावर दगड पडतात.

सहा तक्रारी. घरच्यांच्या लेखी या सगळ्या एकाच बाईच्या. मी त्या सहा वेगवेगळ्या पानांवर लिहून घेतल्या. सगळ्याला एकच कारण धरून बसलं की शोध तिथेच थांबतो.

*

पहिली रात्र, ऑक्टोबरची. माडीवर खाट टाकून बसले. हातात घड्याळ, वही, भिंतीला थर्मामीटर. दुपारी कौलांखाली ३४ अंश होते, मध्यरात्री २२. साडेनऊपासून कडीपाटातून टक्, टक् सुरू झालं. कधी एक, कधी लागोपाठ तीन. साडेबारापर्यंत ४१ वेळा. त्यातले बहुतेक अकराच्या आत. पुढे पहाटेपर्यंत जवळजवळ काही नाही.

दिवसा तापलेल्या सागवानी तुळया रात्री निवतात, आखडतात, खोबणीत घासून सुटतात. लागोपाठ तुळया सुटल्या की खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे पावलं गेल्यासारखं वाटतं. मला कारण माहीत होतं, तरी तिसऱ्या टक्‌ला मान वळलीच. अंधारात माणसाचा कान पावलंच शोधतो.

*

हाडांचं उत्तर सर्वांत आधी मिळालं, कारण ते उंबऱ्याच्या बरोबर वर बसलं होतं. कौलांखालच्या तुळईवर गव्हाणी घुबडाचं जोडपं आहे. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून तोंडावाटे टाकतं. अंगठ्याएवढा काळा गोळा. फोडला तर आत उंदराची कवटी, दात, फासळ्या, सगळं स्वच्छ. पाहुण्यांनी त्याला करणी ठरवलं होतं. मालक घुबडांना हाकलणार होते. एवढं धान्य ठेवणाऱ्या घरात उंदीर मारायला याहून चांगलं कोण ठेवणार, असं मी विचारलं. उंबऱ्यावर फळी मारायची ठरली. घुबडं राहिली.

*

स्वयंपाकघरातल्या मावशी मला सगळं सांगतात, पण भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. “धाकल्या सूनबाई व्हत्या. छळ लई झाला. आडात उडी टाकली. तवापास्नं फिरत्यात.”

नाव काय? “ते न्हाई ठावं.”
कोणाच्या सूनबाई? “ह्येंच्यातल्याच कुणाच्या तरी.”
साल? मावशींनी भाकरी उलटली.

मालकांनाही नाव माहीत नाही. पाहुण्यांना गोष्ट सांगणाऱ्या पोराला तर नाहीच. कदाचित खरंच कुणी बाई त्या आडात गेली असेल. जुन्या घरांत अशा बाया गेल्या, आणि त्यांची नोंद कुणी केली नाही. पण तसं असेल तर ती बाई नावानिशी कळायला हवी होती. तिचा छळ कोणी केला, हे गोष्टीत नाही. ती भीती घालते, एवढंच आहे. जिवंतपणी छळलं आणि मेल्यावर तिचीच भीती घालतात, हा अन्याय माझ्याच्याने गिळवत नाही.

*

दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून वाईजवळ मेणवलीला गेले. नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, आणि देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. ‘स्वदेस’ चित्रपट इथे झाला, म्हणून गर्दी असते. घाटावर बसून मला जिऊबाई आठवल्या. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले, तेव्हा ही त्यांची बायको अगदी कोवळ्या वयाची. पुढचं लांबलचक आयुष्य वैधव्यात गेलं. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण कागद राहिले. याच वाड्यातलं मेणवली दप्तर साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी अभ्यासलं, त्यातून केवढा इतिहास बाहेर आला! वाड्यात खरोखर कुणी बोलत असेल तर ते रुमालात बांधलेले मोडी कागद. ते ऐकायला रात्री बारा वाजायची गरज नसते.

*

छातीवर बसणारी बाई. हे मी कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण मला स्वतःला दोनदा झालं आहे. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू शिथिल केलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे धावू. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर अजून सुटलेलं नसतं. डोळे उघडे, हात हलत नाही, छातीवर दाब, आणि खोलीत कुणीतरी आहे याची पुरी खात्री. उताणं झोपल्यावर, जागरण किंवा प्रवास झाल्यावर जास्त होतं. लांबून गाडी चालवत आलेला माणूस, परकी खोली, आणि जेवताना ऐकलेली सूनबाईंची गोष्ट. बाईच दिसणार. गोष्ट पिशाच्चाची असती तर पिशाच्च दिसलं असतं.

मालकांना म्हटलं, जेवणावर ती गोष्ट सांगणं बंद करा. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, गोष्टीमुळे काही लोक मुद्दाम येतात.

*

न्हाणी. सगळ्यांत घाई इथे करावी लागली. कोपऱ्यातल्या खोलीची न्हाणी म्हणजे जुनी कोठी. तीत गॅसचा गीझर, आणि थंडी लागते म्हणून झरोका पुठ्ठ्याने बंद. मी आत गेले, पुठ्ठा ओढून काढला आणि गीझर तेव्हाच बंद करायला लावला.

अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, डोळ्यांपुढे भलतंच येतं, माणूस पडतो आणि उठत नाही. विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रवैद्याने १९२१ मध्ये एका कुटुंबाची हकिगत छापली: घरात पावलांचे आवाज, अंगावर दाब, आकृत्या, सतत डोकेदुखी, कुंडीतली झाडंसुद्धा मरगळलेली. निघाली ती घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी.

पाहुण्यांनी पांढरी आकृती पाहिली म्हणून ते ओरडले, आणि ओरडले म्हणून दार फोडून कुणीतरी आत गेलं. देवरुष्याने त्या खोलीत धूप जाळायला सांगितला होता. दारं-खिडक्या लावून.

*

झोपाळा. याचं मला समाधानकारक उत्तर नाही. कोयनेचा प्रदेश जवळ आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या पिढीला विसरता येत नाही; सांगली-मिरजेतही भांडी वाजली होती. तेव्हापासून तिथली जमीन लहान लहान हिसके देतच राहिली आहे. जलाशयाच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध आहे, आणि तेच समजून घ्यायला कराडला केंद्र उभं करून तीन किलोमीटर खोल छिद्र जमिनीत घेतलं आहे. तिथले धक्के उथळ असतात. माणसाला कळत नाहीत, पण लांब कड्यांवर टांगलेली वस्तू हलू शकते. कधी गडगडल्यासारखा आवाजही होतो.

मालकांच्या डायरीत झोपाळा हलल्याच्या सात वेळा होत्या. धक्क्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, एकच जुळली. दोन रात्री सोप्याची खिडकी उघडी राहिली होती. चार उरल्या. सात रात्री उलगडल्या असं मी म्हणणार नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीत वाढलेल्या मुलांना एक गोष्ट समजवावी लागत नाही: वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता वाजतात. सूर जुळला की वस्तू आपणहून डोलते. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विक टँडी हा इंजिनिअर प्रयोगशाळेत एकटा असताना त्याला घाम फुटला, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात आवळलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरत होतं. नवा पंखा बसवला होता. त्याचा कंप सेकंदाला सुमारे १९, कानाला न ऐकू येणारा. १९९८ मध्ये त्याने ते छापलं. आकृतीचं कारण म्हणून ते सगळ्यांना पटलेलं नाही. पण पातं हललं तेव्हा तो पळाला नाही, मोजायला बसला. मला तो फार जवळचा वाटतो.

*

दगड. तीन संध्याकाळी पडले, सात ते आठच्या दरम्यान. बाजाराच्या दिवशी पडले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी परतीचा पाऊस जोरात होता. पत्र्यावर खडखडाट झाला तशी मी कंदील घेऊन परसात गेले आणि घरंगळून आलेले तीन दगड उचलले. अंगण भिजलेलं, पत्रा वाहतोय, आणि दगड अजून पुरते भिजलेलेही नाहीत. नुकतेच कुणाच्या तरी ओटीतून आलेले.

यापुढचं मी मोजूनमापून लिहिते. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. १९८९ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची कितीतरी प्रकरणं थांबवली, त्यांची एक रीत ठरून गेली आहे. करणारं माणूस घरातलंच असतं, बहुधा ज्याला घरात बोलायला जागा नाही असं. त्याच्याशी एकांतात बोलायचं, कशासाठी केलं ते ऐकून घ्यायचं, आणि नाव बाहेर फोडायचं नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. कायद्याचा अध्यादेश निघाला तो त्यानंतर. त्या वर्षी मी शाळेत होते, आणि वर्गात उभं राहून मला शब्द फुटला नव्हता.

मी त्या रीतीने गेले. परसात, आडाच्या कट्ट्यावर, दोघीच. कोण, कुठली, वय काय, यातलं काही लिहिणार नाही. तिला वाटलं होतं, वाडा बंद पडेल, मग काम सुटेल, मग घरी पाठवतील, मग शाळा. एवढा लांबचा हिशेब, तीन दगडांवर. देवरुष्याने बोट दाखवलं होतं ते हिच्याकडेच. त्याला ती बोलत नाही, जेवत नाही, एकटक बघते, हे दिसलं होतं. का, हे त्याने विचारलं नाही. वाड्यात आम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

मालकांना सांगितलं, दगड आता पडणार नाहीत. कोण, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मावशींशी मात्र बराच वेळ बोलले.

*

परतताना साताऱ्यात फाशीच्या वडाकडे गेले. लहानपणी सातारच्या आत्या दिवेलागणीनंतर आम्हाला तिकडे जाऊ देत नसत. माणसं लटकलेली दिसतात म्हणत. कोणती माणसं, ते मला मोठेपणी वाचून कळलं. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर इंग्रजांनी सतरा जणांना मारलं. काही फासावर, काही तोफेच्या तोंडी, काही बंदुकीच्या गोळीने. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन तेरा-चौदा वर्षं झगडले होते. त्या सतरांत त्यांचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी निसटले ते कायमचे. पुढे कुणाला सापडले नाहीत.

आत्यांनी भुतं सांगितली, पण सीताराम नाव सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मी वडाच्या जागी उभी राहून ते एकदा मोठ्याने म्हटलं.

*

मार्च. मावशींचा फोन. “बाई, काल झोपाळा हलला बगा. टाइम लिवून ठिवलाय. दोन वाजून धा मिन्टं. खिडकी लावल्याली व्हती.”

मी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, ती कशी आहे?

“कोन? ती व्हय.” मावशी जरा थांबल्या. “आज भूमितीचा पेपर हाय तिचा. सकाळीच गेली एश्टीनं. डबा दिलाय.”

गीझर? “काढला की. बंब तापिवतो आता. भाईर, अंगनात.”