नाव नसलेला पेला

आमच्या घरातल्या बहुतेक भांड्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. आहेराच्या ताटांवर मामांचं, मोठ्या पातेल्यावर आत्याचं, आईला शाळेतून निरोप देताना मिळालेल्या डब्यावर तर अख्ख्या स्टाफचं. कोरा फक्त स्टीलचा एक पेला. नगरच्या भांड्याच्या दुकानात मालकानं मशीन हातात घेऊन विचारलं, ‘‘नाव काय घालू?’’ आई म्हणाली, ‘‘राहू द्या तसाच.’’

तो शेजारच्या आजींसाठी होता. सोबत एक लहान पातेलं आणि एक गाळणं. तिन्ही वस्तू वरच्या फळीवर, मटणाच्या भांड्यांपासून लांब. आजी माळकरी. आमच्याकडं रविवारी काय शिजतं हे त्यांना वासावरूनच कळायचं. पहिल्या नाताळात त्यांनी आमचं फराळाचं ताट दारातच घेतलं. केक नातवंडांनी संपवला असणार. करंज्या-शंकरपाळ्यांचं काय झालं, आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताट लख्ख घासून, मूठभर साखर घालून परत आलं. रिकामं ताट परत पाठवायचं नाही, हा नियम दोन्ही घरांचा.

मग आईनं पेला आणला. आजी दुपारच्या येऊ लागल्या. बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर टेकून चहा प्यायच्या आणि ‘बाईं’ना सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या.

वडिलांना तो पेला खुपायचा. त्याला कारण होतं. त्यांचे आजोबा गावकुसाबाहेरचे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढं या जिल्ह्यातली कितीतरी महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. गाव म्हणालं, बाटली. ज्यांना पाणवठ्यावर उभंही राहू देत नव्हते, त्यांनी आणखी बाटायचं ते काय? त्या आजोबांच्या नातवाच्या घरात आता वेगळं भांडं. ‘‘आपणच आपल्याला शिवाशीव लावून घ्यायची?’’ वडील विचारत आणि योहानाच्या चौथ्या अध्यायाकडं वळत. भर दुपारी येशू दमून विहिरीपाशी बसलाय, पाणी काढायला जवळ काही नाही. यहूदी शोमरोन्यांशी असला व्यवहार ठेवत नसत आणि हा शोमरोनी बाईकडं पाणी मागतो. ‘‘बघ, भांड्याचा नियम त्यानं मोडला.’’

आई म्हणायची, ‘‘मोडला, पण स्वतःचा. तिला काही मोडायला लावलं का?’’

या भांडणात मी वडिलांच्या बाजूची होते. सोळा-सतराव्या वर्षी माणूस तत्त्वाच्याच बाजूचा असतो. पुढं लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य वाचलं आणि जरा घुटमळले. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याकडं परत आल्या, तरी सोवळं सांभाळून होत्या. एका छपराखाली दोन प्रकारचं पाणी. ते सोवळं टिळकांनी ओढून काढलं असतं, तर पुढच्या लक्ष्मीबाई आपल्याला मिळाल्या असत्या का?

देवळात आतिथ्यावर उपदेश झाला की अब्राहाम हमखास येतो. भर उन्हात तीन अनोळखी माणसं दिसल्यावर तो तंबूच्या दारातून धावत जातो, हे मला फार आवडतं. पण पाहुण्यांसाठी तो वासरू कापायला लावतो. तिथं आमच्या आजी असत्या तर उपाशी उठल्या असत्या. लूकाच्या चौदाव्या अध्यायानं तर आमची पुरतीच पंचाईत होते. मेजवानीला सुखवस्तू शेजाऱ्यांना बोलावू नका, ते उलट बोलावून तुमची फेड करतील, असं येशू तिथं सांगतो. त्या हिशेबानं साखर घालून परत आलेलं ते ताट म्हणजे आमचं सगळं पुण्य खलास. आईला मी हे एकदा मुद्दाम ऐकवलं. ती करंजी कातत होती. म्हणाली, ‘‘मग साखर काय परत नेऊन देऊ?’’

आई गेली त्या दिवशी माती देऊन आम्ही संध्याकाळी परतलो. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी आली आणि पाठोपाठ आजी. इतक्या वर्षांत त्या बाहेरच्या खोलीच्या पुढं आल्या नव्हत्या. आज थेट स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याखालून आत्याच्या नावाचं मोठं पातेलं ओढलं. माणसं बरीच होती, लहान पातेल्यात भागणारं नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘आजी, त्यात आम्ही...’’

‘‘मला काय माहीत नाही का? आलं कुठंय?’’

आलं कुटून, दूध घालून त्यांनी सगळ्यांना चहा दिला. वडिलांना कप हातात धरायला लावून घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. पातेल्याच्या तळाशी थोडा उरला होता. तेव्हा टाचा उंचावून त्यांनी वरच्या फळीवरचा आपला पेला काढला. दोन महिन्यांची धूळ होती त्यावर. पदरानं पुसला, उरलेला चहा त्यात ओतला आणि तिथंच, ओट्याला टेकून फरशीवर बसल्या.