बाइक कोणती घ्यावी? कुंझुमच्या वाटेला विचारा

डोंगरात बाइकवर जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती सीसीची. कोणी म्हणतं, 'घ्यायची तर मोठीच घे.' कोणी म्हणतं, 'आधी हप्ता किती बसतो ते बघ.' शोरूममध्ये उंच, रुबाबदार अ‍ॅडव्हेंचर बाइक दिसली की मन तिथेच अडकतं. पण शोरूमची फरशी गुळगुळीत असते, डोंगरातली वाट तशी नसते. म्हणूनच पैसे भरण्याआधी हिमाचलमधला एक रस्ता डोळ्यांसमोर आणा: मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे स्पितीतल्या काझाला जाणारा. अंतर साधारण 200 किलोमीटर, पण तुमच्या गाडीची परीक्षा तो टप्प्याटप्प्याने घेतो.

पहिला टप्पा: सगळ्याच गाड्या पास

मनालीहून निघालात की अटल बोगदा लागतो. 2020 मध्ये सुरू झालेला हा 9.02 किलोमीटरचा बोगदा तुम्हाला काही मिनिटांत लाहौलमध्ये नेऊन सोडतो. इथपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर रोजची 125 सीसीची बाइकही छान चालते. तुमचा बेत मनाली, सिस्सू, केलाँग एवढाच असेल, तर अ‍ॅडव्हेंचर बाइकवर लाखो रुपये घालण्याची गरजच नाही. हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. वर्षातून किती दिवस तुम्ही खरोखर कच्च्या रस्त्यावर असणार आहात?

दुसरा टप्पा: दगडगोटे

ग्रांफूला काझाचा फाटा फुटतो आणि छत्रू, बातलकडे जाताना खरी परीक्षा सुरू होते. बऱ्याच भागात डांबर नाही, चंद्रा नदीच्या काठाने गोटे, वाळू आणि खड्डे. इथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पुढचं चाक: 21 इंची चाक दगडावरून सहज चढतं. 17 इंची चाक त्याच दगडाला धडकतं.

जमिनीपासूनची उंची: इंजिनाचं पोट आणि जमीन यांत 200 मिलिमीटरहून जास्त अंतर हवं. हीरो एक्सपल्स 200 मध्ये ते 220, तर रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 मध्ये 230 मिलिमीटर आहे.

चाकाचा प्रकार: तारांची चाकं धक्का सोसतात, पण त्यांत ट्यूब असेल तर पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं. अलॉय चाकात ट्यूबलेस टायरचं पंक्चर दहा मिनिटांत निघतं, मात्र मोठ्या दगडावर आपटलं तर ते तडकू शकतं. ट्यूबलेस टायर चालणारी तारांची चाकंही मिळतात, पण महाग पडतात.

तिसरा टप्पा: नाला

या वाटेवर बर्फ वितळून आलेलं पाणी अनेक ठिकाणी थेट रस्त्यावरून वाहतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत चढतो, म्हणून पहाटे लवकर निघा. पाण्याखाली गोल गोटे असतात. गाडी डगमगली तर पाय टेकावाच लागतो, आणि तो टेकला नाही तर गाडी आडवी.

म्हणूनच सीटची उंची हा सर्वात महत्त्वाचा आकडा आहे आणि जाहिरातीत त्याच्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं. एक्सपल्स 200 आणि हिमालयन 450 या दोन्हींची सीट साधारण 825 मिलिमीटरवर आहे. जुन्या हिमालयन 411 ची 800 मिलिमीटरवर होती. तुमची उंची सव्वापाच फूट असेल, तर या 25 मिलिमीटरने मोठा फरक पडतो. शोरूममध्ये जाताना प्रवासातलेच बूट घालून जा. निदान एक पाऊल पूर्ण टेकतं का ते पाहा. अनेक मुली आणि कमी उंचीचे चालक याच कारणाने बिचकतात. पण सीट खाली घेता येते किंवा कमी उंचीची सीट बसवता येते. आधी विचारा, मग नाद सोडा.

दुसरा आकडा वजनाचा. एक्सपल्स 200 साधारण 159 किलो, हिमालयन 450 साधारण 196 किलो. पडलेली गाडी चार हजार मीटरवर, धाप लागलेली असताना उचलायची आहे, तीही कदाचित एकट्याने. घराजवळच्या मऊ मैदानात मित्राला सोबत घेऊन गाडी आडवी करा आणि उचलून बघा. पाठ सीटला टेकवा, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या दांडीवर ठेवा आणि पायांच्या जोरावर मागे रेटा. उचलता आली नाही, तर ती गाडी एकट्याच्या प्रवासासाठी तुमची नाही.

चौथा टप्पा: विरळ हवा

कुंझुम खिंड 4,551 मीटरवर आहे. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक विरळ असते. माणसाला धाप लागते, तशीच इंजिनालाही. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेला ऑक्सिजन आणणार कुठून? 19 अश्वशक्तीचं इंजिन इथे अंदाजे 12 वर येतं, 40 चं 25 वर.

एकटे जाणार असाल तर 12 पुरेशी आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निवांत चढते. पण पत्नी किंवा मैत्रीण मागे बसणार असेल, दोघांचं सामान असेल, तर हिशोब बदलतो. 70 किलोचा चालक, 60 किलोची सोबतीण, 30 किलोच्या बॅगा: म्हणजे 160 किलो, जवळजवळ आणखी एक एक्सपल्स! अशा वेळी 400 सीसीच्या आसपासची गाडी ही चैन नसून गरज असते.

पाचवा टप्पा: टाकी

मनालीत टाकी भरली की पुढचा पंप थेट काझालाच. 13 लिटरच्या टाकीला हे अंतर अवघड नाही. पण तुम्ही लेहकडे वळलात, तर टांडीच्या पंपावरची प्रसिद्ध पाटी सांगते, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. चढावर मायलेज 25 धरलं तर 13 लिटरमध्ये 325 किलोमीटर होतात, 17 लिटरमध्ये 425. लहान टाकी असेल तर पाच लिटरचा कॅन सोबत हवाच.

मग निवड कशी करायची?

एकटे, हलकं सामान, कच्च्या वाटांची आवड असेल तर एक्सपल्ससारखी हलकी गाडी. दोघांचा लांबचा प्रवास असेल तर हिमालयन 450 किंवा केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. बहुतेक डांबर आणि थोडाच कच्चा रस्ता असेल तर 19 इंची पुढचं चाक आणि ट्यूबलेस टायर असलेली सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. खात्री नसेल तर आधी मनालीत बाइक भाड्याने घ्या आणि हाच रस्ता करून बघा. चार दिवसांचं भाडं तीन वर्षांच्या चुकीच्या हप्त्यांपेक्षा स्वस्तच पडेल.

बजेट ठरवताना हेल्मेट, गार्ड असलेलं जॅकेट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेत जी बाइक बसेल तीच तुमची.

शेवटी तब्येतीचं. मनाली 2,050 मीटरवर, कुंझुम 4,551 वर. एका दिवसात एवढं चढणं शरीराला झेपेलच असं नाही. वेळ असेल तर सिमला, किन्नौर, नाको, ताबो असे मुक्काम करत काझाला पोहोचा आणि कुंझुममार्गे मनालीला उतरा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर पुढे चढू नका. त्रास वाढला तर खाली उतरा. गाडी कितीही दमदार असली, तरी श्वास तुम्हालाच घ्यायचा आहे.