पुरस्कार, कादंबरी आणि समीक्षेचे मौन

कथात्म साहित्याचे पुरस्कार योग्य कृतींना मिळतात का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा डिसेंबरात विचारला जातो आणि संक्रांतीपर्यंत विसरला जातो. त्या अवधीत जी चर्चा होते ती व्यक्तींची, गटांची आणि प्रदेशांची असते, कृतींची क्वचितच. मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न जरा निराळ्या ठिकाणी भेटतो. पीएच.डी.साठी येणाऱ्या संशोधन-आराखड्यांत लेखकाच्या परिचयानंतर ‘पुरस्कार व मानसन्मान’ असे एक उपशीर्षक ठरलेले असते. विषयनिवडीचे समर्थन बहुतेक वेळा त्या यादीतूनच केलेले असते. ज्याअर्थी कृती पुरस्कारप्राप्त आहे, त्याअर्थी ती महत्त्वाची आहे. आणि ती महत्त्वाची का, हे शोधणे एवढेच संशोधकाचे काम उरले आहे. मूल्यमापन आधीच, दुसऱ्या कोणीतरी, दिल्लीत वा मुंबईत उरकलेले असते.

म्हणून ही यादी तयार कशी होते, हे पाहणे अगत्याचे आहे. साहित्य अकादेमीचा मुख्य पुरस्कार दर भाषेला वर्षाला एकच असतो. त्या एका जागेसाठी कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, सौंदर्यशास्त्र अशा सगळ्यांनी रांगेत उभे राहायचे. पुस्तक ठरावीक वर्षांच्या मुदतीत प्रसिद्ध झालेले हवे. अंतिम निवड तीन परीक्षकांची. या रचनेत ‘या काळातील सर्वश्रेष्ठ मराठी कादंबरी कोणती’ हा प्रश्न मुळात विचारलाच जात नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण त्या यादीत वाचतो.

मराठीची यादी घेऊन बसले की हे लक्षात येते. 1960 ला ‘ययाति’, 1963 ला ‘रथचक्र’, 1964 ला ‘स्वामी’. यांतील पहिल्या कादंबरीचे कर्ते खांडेकर कोल्हापुरात राहणारे आणि तिसरीचे रणजित देसाई याच जिल्ह्यातील कोवाडचे, याचा आम्हा कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान आहे. (अभिमान हा समीक्षेचा निकष नव्हे, हे वर्गात दरवर्षी सांगावे लागते.) त्यानंतर 1973 च्या ‘काजळमाया’पर्यंत कथा-कादंबरीला जागा नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला कथात्म म्हणावे की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. पुढे आत्मकथनपर लेखन वगळले तर थेट 1983 उजाडते. आता या मधल्या काळात मराठीत काय चालले होते? 1963 मध्ये ‘कोसला’ आली. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. 1965 मध्ये भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’, 1967 मध्ये आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. यांतील प्रत्येक कृतीविषयी माझे मत सारखेच अनुकूल आहे असे नाही. ‘मृत्युंजय’च्या अलंकृत निवेदनाबद्दल मला आक्षेपच आहेत. पण मराठी कथात्म गद्याची घडण ज्या दशकात मुळापासून बदलली, ते दशक या यादीत कादंबरीच्या दृष्टीने जवळजवळ कोरे आहे. उलट 2020 ते 2023 अशी सलग चार वर्षे पुरस्कार कथात्म साहित्याकडे गेला. यावरून साठोत्तरी दशकात कादंबरी मंदावली होती आणि आज ती बहरली आहे, असा निष्कर्ष कोणी काढील काय? आराखड्यांत तो काढलेला मी वाचला आहे.

चुकलेली वेळ पुढे भरून काढण्याची एक रीतही या व्यवहारात आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. त्यांना अकादेमीचा पुरस्कार मिळाला तो 1983 मध्ये, वानरांच्या टोळ्यांतील संघर्षावरील ‘सत्तांतर’ला. चि. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या तशाच राहिल्या आणि 1978 मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, आरती प्रभूंच्या ‘नक्षत्रांचे देणे’चा गौरव झाला. नेमाड्यांना 1991 मध्ये पुरस्कार लाभला तो ‘टीकास्वयंवर’साठी, लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो हे सांगणाऱ्या समीक्षकाचा सन्मान झाला, कादंबरीकाराला मात्र 2014 च्या ज्ञानपीठापर्यंत थांबावे लागले. आमच्याच भागातील राजन गवसांना 2001 मध्ये ‘तणकट’साठी पुरस्कार मिळाला. ‘तणकट’ चांगलीच कादंबरी आहे. परंतु जोगत्यांच्या जगाला भाषा देणारी ‘भंडारभोग’ हीच त्यांची अधिक धाडसाची कृती, असे माझे मत आहे. अशा वेळी पुरस्कार कृतीच्या नावाने जाहीर होतो आणि प्रत्यक्षात दिला जातो लेखकाच्या एकूण कर्तृत्वाला. त्यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. पण वाचक आणि अभ्यासक कृतीचे नाव धरून चालतात, आणि अभ्यासक्रमात शिरते ती कृती.

‘काजळमाया’चे प्रकरण याहून बोलके आहे. पुस्तक नियमातील मुदतीत प्रसिद्ध झाले होते की नाही, असा वाद निघाला आणि धारवाडच्या जी. एं.नी पुरस्कार परत केला. हा प्रसंग त्यांच्या मानी स्वभावाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरेच दिसते. मराठी कथेला नियती, रूपक आणि मिथक यांची अशी भेदक जाण देणाऱ्या संग्रहाविषयी त्या निमित्ताने वादाचा मुद्दा कोणता होता, तर प्रकाशनाची तारीख! नंदा खरे यांनी ‘उद्या’साठीचा 2020 चा पुरस्कार नाकारला तेव्हाही नकाराची बातमी झाली, कादंबरीतील भविष्यकाळाविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

परीक्षक अप्रामाणिक असतात, असा याचा अर्थ नव्हे. एका छोट्या संस्थेच्या कादंबरी पुरस्कारासाठी मी दोनदा परीक्षक होतो. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, मुदत महिन्याची, शिकविणे आणि पेपर तपासणे चालूच. तिघा परीक्षकांपैकी प्रत्येकाची पहिली पसंती वेगळी असते आणि बैठकीत एकमत होते ते तिघांच्याही दुसऱ्या पसंतीवर. ज्या कादंबरीवर कोणाचा आक्षेप नाही ती पुढे सरकते. ज्या कादंबरीने एका परीक्षकाला झपाटले आणि दुसऱ्याला चिडविले, ती मागे पडते. ‘कोसला’ प्रथम वाचणाऱ्या अनेकांना तिने चिडविले होते, हे विसरता येत नाही.

पुरस्काराने काही साधत नाही, असे मात्र कोल्हापुरात बसून म्हणता येणार नाही. किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला 2021 मध्ये आणि कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला 2023 मध्ये पुरस्कार मिळाल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तके विकत घेतली, एकमेकांना दिली, आपल्या बोलीत लिहिलेले साहित्य ‘साहित्य’ असते, हे कित्येकांना तेव्हा प्रथम पटले. पण त्यापुढचे काम कोणी करायचे? विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (पुरस्कार 1992) आणि ‘रिंगाण’ या दोन्ही कादंबऱ्या धरणाने उठविलेल्या माणसांच्या आहेत. ‘झाडाझडती’ कचेऱ्या, पुढारी आणि पुनर्वसनाची कागदपत्रे यांतून विस्थापनाचा पट उभा करते. ‘रिंगाण’मध्ये माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा रानात शिरतो, आणि विस्थापन हा माणसाचाच नव्हे तर जनावराचा आणि रानाचाही प्रश्न होतो. तीस वर्षांत विस्थापनाकडे पाहणारी कादंबरीची दृष्टी व्यवस्थेकडून प्राणिसृष्टीकडे का वळली? दोन्ही पुस्तकांवर एकच शिक्का आहे आणि तो शिक्का या फरकाविषयी काहीही सांगत नाही. तो सांगायचा असतो समीक्षेने. आपण सत्कार-समारंभांचे वृत्तान्त छापतो.

या शिक्क्याचा सर्वांत मोठा तोटा ज्यांच्यावर तो नाही त्यांना होतो. कोल्हापूरपासून चाळीसएक किलोमीटरवर निपाणी आहे. तेथील महादेव मोरे यांनी गॅरेजात काम केले, पुढे पिठाची गिरणी चालविली आणि टॅक्सीवाले, मिस्त्री, तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बाया यांच्यावर कथा-कादंबऱ्यांची अनेक पुस्तके लिहिली. 2024 मध्ये ते गेले. अकादेमीच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांच्या लेखनात पुनरावृत्ती आहे, काही पुस्तके घाईची आहेत. पण सीमाभागातील कष्टकऱ्यांची कानडीमिश्रित मराठी इतक्या सहजपणे वापरणारा दुसरा कथाकार मला आठवत नाही. एका विद्यार्थ्याने मोऱ्यांवर आराखडा आणला होता. छाननीच्या बैठकीत त्याला पहिला प्रश्न आला, ‘यांना पुरस्कार कोणते?’ त्याने वखारीतील बायांच्या संवादांविषयी बोलायला सुरुवात केली. त्याला थांबवून प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. पुढच्या महिन्यात तो सुधारित आराखडा घेऊन आला. विषय एका पुरस्कारप्राप्त कादंबरीकाराचा होता, आणि मोऱ्यांच्या न मिळणाऱ्या पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती त्याच्या पिशवीत तशाच होत्या.