पाठीमागचा रस्ता आणि सायकलस्वाराचे कान

सायकलस्वाराला पाठीमागच्या रस्त्याचे ज्ञान मुख्यतः कानांनी होते. सायकलीला बहुधा आरसा नसतो, आणि मान वळवून पाहावे तर हँडलही त्याच बाजूला ओढले जाते. म्हणून इअरफोन लावून सायकल चालवण्याचा प्रश्न आवाज मोठा की लहान एवढ्यावर संपत नाही. मागचे वाहन कोणत्या बाजूने येत आहे हे कळेनासे होणे, हा त्यातील खरा धोका आहे.

ध्वनीची दिशा कशी ओळखली जाते, याची पायाभूत मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली. उजवीकडचा आवाज डाव्या कानाशी फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो आणि डोक्याच्या आडोशामुळे त्यातील उच्च स्वर क्षीणही होतात. या दोन फरकांवरून मेंदू डावे-उजवे ठरवतो. थेट पाठीमागचा आवाज मात्र, समोरच्या आवाजाप्रमाणेच, दोन्ही कानांवर एकाच वेळी व सारख्याच जोराने पडतो, त्यामुळे मागचे-पुढचे ओळखताना बाह्य कानाच्या वळ्यांमुळे ध्वनीत होणारे सूक्ष्म बदल आणि मानेची बारीक हालचाल यांचाच आधार उरतो. कर्णनलिकेत बुचासारखा बसणारा इअरफोन नेमका हा आधार हिरावून घेतो. एकाच कानात इअरफोन घालणे सुरक्षित, ही समजूतही टिकत नाही, कारण दिशाज्ञान दोन कानांच्या तुलनेवरच उभे असते. हाडांतून कंपने पोहोचवणारी उपकरणे कर्णनलिका मोकळी ठेवत असल्याने तुलनेने बरी आहेत, तरीही आच्छादन, म्हणजे एका आवाजाने दुसरा झाकला जाणे, आणि संभाषणात गुंतलेले लक्ष हे दोष त्यांच्यातही राहतात.

हिंगोली जिल्ह्यात हे आच्छादन गाण्याविनाही घडते. गाळप हंगामात वसमत परिसरात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर इतकी दाट असते, की त्याला ओलांडून येणारी दुचाकी उघड्या कानालाही उशिरा ऐकू येते. त्यात गाण्यातील खर्जाची भर पडली, तर ती ऐकूच येणार नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीच्या मागे ५० मीटरवर असलेले ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन अवघ्या चार सेकंदांत तिला गाठते.

फ्रान्सने जुलै २०१५ पासून सायकलस्वारांनाही इअरफोन वापरण्यास मनाई केली. भारतातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मात्र सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही, त्यामुळे येथे कायद्याच्या धाकापेक्षा शिकवणुकीवर भिस्त ठेवावी लागते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना सायकली मिळतात, त्यांना सायकल हाती देतानाच शिक्षकांनी ब्रेक आणि घंटीबरोबर कान मोकळे ठेवण्याचेही शिक्षण द्यावे, आणि फोन घ्यायचाच असेल तर रस्त्याच्या कडेला उतरून घ्यावा, हे घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवावे.