हात लावण्याची मुभा

बीडच्या पेठेत गादीवर बसू लागलेल्या मुलाला पहिली शिकवण मिळते : मालाला हात लावू नकोस. मुंबईत, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, हाच नियम उलटा होतो. येथील विज्ञान-उद्यान १९७९ चे, इमारत १९८५ ची. उपकरण स्वतः फिरवावे, मग कारण विचारावे. आवारात ‘मारुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. भारतातच बांधलेले, १९६१ साली प्रथम झेपावलेले. त्याचे मागे कललेले पंख जवळून पाहता येतात.

भारताच्या अवकाश-कार्याचे प्रणेते विक्रम साराभाई अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातले. बालपणी त्यांना घरीच कार्यशाळा लाभली होती. पुढे त्यांनी मुलांसाठी विज्ञान केंद्रही उभारले. मंगळदास मार्केटची खरेदी आटोपल्यावर एक दिवस वरळीसाठी राखावा, आणि मुलांना घाई करू नये.