दगड कुणाला लागला?

नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ २०१४ साली प्रदर्शित झाला. सततच्या हेटाळणीने पेटून उठलेला कैकाडी समाजातील जब्या अखेरीस दगड भिरकावतो. तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो. हा दगड कुणाला लागला, यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. हिंगोली जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहात तर दोन तट पडले. एक म्हणे, चिडवणाऱ्या टवाळाला; दुसरा म्हणे, गंमत पाहणाऱ्या गावाला. निकाल लागेना, तेव्हा वादाचा विनोद झाला. भाकरी कडक निघाली, की पंगतीतून प्रश्न येई, “दगड कुणाला लागला?” गणिताचे गुण कळताच कुणी कपाळ धरून म्हणे, “मला!” चित्रपट न पाहिलेल्या तुकड्यांनीही हा विनोद वारशासारखा जपला.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी पुरावा मागत असे. एका विद्यार्थ्याने तो दिला : “सर, त्याआधी ते कुटुंब डुक्कर घेऊन शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. तशी चित्रं आपल्याही भिंतीवर आहेत.”

आपल्या पंगतीत भटक्या-विमुक्तांची मुलेही बसतात. त्यांतील एखाद्याला जातीवरून टोपणनाव पडले, तर भिंतीवरील चित्रांना अर्थ उरत नाही. मुलांनी हे ओळखले. आता असे नाव कुणाच्या तोंडून निघाले, की शेजारचा हळूच तोच प्रश्न विचारतो आणि बोलणारा खाली पाहतो. माजी विद्यार्थ्यांनो, हा विनोद आपल्या घरीही न्यावा.