तार उपटली तर?

ड्रायव्हरचा कोड तपासायला घेतला की मी तो शेवटाकडून वाचतो. उपकरण सुरळीत चालतं तो भाग लिहिणाऱ्यानं स्वतःच दहादा चालवून पाहिलेला असतो. मला आधी बघायची असते ती आवराआवर. समजा, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात एक इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडलाय. गोणी उचलताना कुणाचा तरी पाय अडकला आणि तार निसटली. पावतीच्या प्रोग्रॅमनं काट्याची फाइल अजून उघडी धरलीय, पण उपकरण गेलं म्हणून ड्रायव्हरनं त्याची मेमरी सोडून दिली. आता प्रोग्रॅम वजन वाचायला गेला, की कर्नल परक्या जागेत हात घालतं. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलच्या आत भिंती नाहीत, अख्खं मशीन आडवं होऊ शकतं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडीचा कोड यंत्राकरवी तपासला. चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलपेक्षा काही प्रकारांत तिपटीपासून सातपटीपर्यंत निघालं. मला याचं नवल वाटत नाही. ड्रायव्हर सुरू होताना मेमरी मागायची, इंटरप्ट नोंदवायचा, मग उपकरणाची नोंदणी. तिसरी पायरी फसली तर दुसरी आणि पहिली उलट्या क्रमानं सोडवायची. सी शिकवताना ज्या ‘गोटू’ला नाकं मुरडतात, तोच इथे शिस्तीचा मानला जातो. ही सोडवासोडव आपोआप करणारी ‘डेव्हएम’ फंक्शनं आली, ती चांगलीच आहेत. पण ती उपकरण सुटताच मेमरी सोडतात, फाइल कुणी उघडी ठेवलीय का ते बघत नाहीत. म्हणजे काट्याचा घोळ होता तिथेच, फक्त दिसायचा बंद झाला.

यंत्रं हे सगळं पकडतात, मग माणसानं डोळे का फोडायचे, असं कुणी म्हणेल. सिझकॉलर या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं २०१७ पासून खोटी यूएसबी उपकरणं जोडून कर्नलमधल्या ढीगभर चुका बाहेर काढल्या, हे खरंच. पण त्या चुका तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटून आत पोचल्या होत्या, हेही तितकंच खरं. उपकरण ‘दोनशे बाइट पाठवतोय’ म्हणालं आणि आपला डबा चौसष्टचा असेल, तर विश्वास कुणावर ठेवायचा, हा प्रश्न वाचतानाच पडायला हवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा कोड काही हार्डवेअरचा ड्रायव्हर नव्हता, पण बसत होता कर्नलमध्येच. १९ जुलै २०२४ ला त्यानं वीसच किमती हाताशी असताना एकविसावी वाचायला घेतली, आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: उपकरण हातात नसताना तपासणार काय? रजिस्टरमध्ये काय आधी लिहायचं, मध्ये किती मायक्रोसेकंद थांबायचं, याबाबत मी आंधळाच. तिथे मी डेटाशीटचं पान मागतो आणि कुणी खऱ्या उपकरणावर चालवून पाहिलंय ते विचारतो. पण इंटरप्टमध्ये झोपू शकणारं फंक्शन बोलावलंय का, स्पिनलॉक धरून मेमरी झोपू शकणाऱ्या ‘जीएफपी कर्नल’नं मागितलीय का, हे कळायला चिप कशाला हवी? ते कागदावरच दिसतं. म्हणून माझा पहिला शेरा बहुतेक वेळा तोच असतो: फाइल उघडी असताना तार उपटून पाहिली का?